जुन्या गोल्फ कोर्सचा जीर्णोद्धार पारखायचा कसा?

अमेरिकेतल्या जुन्या गोल्फ क्लबांमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं जीर्णोद्धाराची लाट आहे. डोनाल्ड रॉस, ॲलिस्टर मॅकेन्झी, ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट, सेथ रेनर, जॉर्ज थॉमस या मंडळींनी साधारण १९१० ते १९३७ या काळात आखलेले कोर्स पुढच्या पन्नास वर्षांत झाडांनी वेढले गेले. ग्रीन्स (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) आक्रसली, बंकर (वाळूचे खड्डे) बुजले किंवा भलत्याच जागी सरकले. आता ते पूर्वपदावर आणायचं काम जोरात आहे. विंग्ड फूट, ओकलंड हिल्स, लॉस एंजेलिस कंट्री क्लब, येल अशी नावं घेता येतील. काम संपलं की १९२० च्या दशकातला एक काळा-पांढरा फोटो आणि त्याच जागेवरून घेतलेला आजचा फोटो शेजारी-शेजारी छापले जातात. बंकरच्या कडा जुळल्या की सगळीकडून शाबासकी मिळते.

ही पारख अपुरी आहे, आणि बऱ्याचदा दिशाभूल करणारी आहे. त्या काळचे कोर्स जमिनीवरून चेंडू पळवत खेळण्यासाठी बांधले होते. पाणी द्यायची सोय तुटपुंजी होती, जमीन कडक होती, चेंडू पडल्यावर वीस-तीस यार्ड घरंगळत जायचा. उतार, खांदे (ग्रीनलगतचे उंचवटे), बंकर यांच्या जागा हे घरंगळणं गृहीत धरून ठरल्या. म्हणून जीर्णोद्धार झालेल्या कोर्सवर चेंडू जमिनीला टेकल्यानंतर काय करतो, हे आधी बघायला हवं. वास्तुकाराचं नाव, मूळ साल, बंकरांची संख्या, मोठ्या स्पर्धेचं यजमानपद हे सगळं त्यानंतर.

स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बर्विकचं पंधरावं होल, म्हणजे प्रसिद्ध ‘रेडान’, यासाठी उत्तम उदाहरण आहे. सी. बी. मॅकडोनाल्डने १९११ मध्ये रीतसर सुरू झालेल्या लाँग आयलंडवरच्या नॅशनल गोल्फ लिंक्सच्या चौथ्या होलवर त्याची आवृत्ती बांधली, आणि रेनरने ती पुढे जवळजवळ प्रत्येक कोर्सवर वापरली. रचना अशी असते: पार तीन (म्हणजे तीन फटक्यांत पुरं व्हावं असं ठरलेलं होल), साधारण १९० यार्ड. ग्रीन उजवीकडे पुढून डावीकडे मागे तिरपं पसरलेलं, आणि त्याच दिशेने खेळाडूपासून दूर उतरत जाणारं. डावीकडे पुढे खोल बंकर. झेंडा मागे डावीकडे असेल तर सरळ त्याच्यावर मारलेला उंच फटका टेकल्यावर थांबत नाही, कारण ग्रीनच पळून चाललेलं असतं. शहाणा खेळाडू ग्रीनच्या अलीकडे, उजव्या खांद्यावर चेंडू टाकतो आणि उताराला उरलेलं काम करू देतो.

आता या खांद्यावरची जमीन ओली आहे असं समजा. ग्रीनभोवतीचे स्प्रिंकलर पूर्ण गोल फिरणारे असतात, एकेकाची फेक वीस मीटरच्या आसपास. ग्रीनच्या मुळांखाली वाळूचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या असतात, त्यामुळे त्याला पाणी जास्त लागतं आणि ते लवकर निघूनही जातं. पुढचा भाग मात्र तिथल्याच मातीचा, आणि त्याला तेवढंच पाणी मिळतं. शिवाय त्या भागावर वाळूचं टॉपड्रेसिंग, म्हणजे गवतावर वाळूचा पातळ थर पसरणं, सहसा कोणी करत नाही, म्हणून गवताच्या मेलेल्या मुळा-काड्यांचा दोन-तीन सेंटिमीटरचा स्पंज तयार होतो. खांद्यावर पडलेला चेंडू जागच्या जागी बसतो. खेळाडू मग थेट झेंड्यावर उंच फटका मारायला लागतात, तो थांबत नाही म्हणून समितीकडे तक्रार जाते, समिती ग्रीनलाही जास्त पाणी द्यायला सांगते. होता होता रेडानचं एक साधं पार तीन होल उरतं, डावीकडे देखणा बंकर असलेलं. फोटोत काहीही बदललेलं नसतं.

यावरचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. पूर्ण गोल फिरणाऱ्या स्प्रिंकलरऐवजी पाठीला पाठ लावून दोन अर्धगोल स्प्रिंकलर बसवायचे, एक ग्रीनकडे आणि एक बाहेर, दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे. ग्रीनच्या पुढचे पंधरा-वीस मीटर पोकळ दातांच्या यंत्राने टोचून काढायचे आणि तिथेही ग्रीनसारखंच वाळूचं टॉपड्रेसिंग सुरू करायचं. दोन-तीन हंगामांत फरक कळतो. ओलावा मोजायचं मीटर आज बहुतेक ग्रीनकीपरांकडे असतं. एकाच सकाळी ग्रीनवर आणि त्याच्या पुढ्यात दहा-दहा ठिकाणी ते खुपसून पाहावं. पुढचा भाग ग्रीनपेक्षा ओला निघाला तर त्या होलचा जीर्णोद्धार पुरा झालेला नाही, मग बंकरवर कितीही पैसे लावलेले असोत.

ही कसोटी मोठ्या प्रमाणावर कुठे उतरली असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट क्रमांक २ वर. डोनाल्ड रॉसने १९०७ मध्ये हा अठरा होलचा कोर्स उघडला आणि १९४८ मध्ये मरेपर्यंत तो त्यावर हात फिरवत राहिला. त्याचं घरही या कोर्सला लागून होतं. मुळात ही वाळूची जमीन. पाइनची विरळ झाडं, मधे उघडी वाळू आणि तिच्यात वायरग्रास या रानगवताचे झुपके. १९७० च्या दशकापासून या उघड्या वाळूवर बर्म्युडा गवताचा दाट रफ (खेळाच्या वाटेबाहेरचं वाढू दिलेलं गवत) पसरत गेला. मोठ्या स्पर्धांसाठी फेअरवे (ग्रीनपर्यंत नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे) अरुंद झाले. २००९ पर्यंत रॉसचा कोर्स कुठल्याही सुस्थितीतल्या हिरव्यागार रिसॉर्ट कोर्ससारखा दिसू लागला होता.

२०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या वास्तुकारांनी काम हाती घेतलं, ते २०११ मध्ये पुरं झालं. त्यांनी सुमारे ३५ एकरांवरचं गवत काढून टाकलं. वायरग्रासची रोपं लाखाच्या वर लावली. स्प्रिंकलर साधारण ११५० होते, त्यातले जेमतेम ४५० ठेवले. वर्षाला साडेपाच कोटी गॅलनच्या घरात असलेला पाण्याचा वापर दीड कोटीच्या आसपास आला. पण आकड्यांपेक्षा त्यांची एक युक्ती जास्त शिकण्यासारखी आहे. १९४३ ची हवाई छायाचित्रं हाताशी होतीच. त्यांच्या जोडीला फेअरवेखाली गाडलेली पाण्याची जुनी एकेरी पाइपलाइन कुठून जाते हे त्यांनी शोधलं आणि तीच रॉसच्या फेअरवेची मध्यरेषा मानली.

याला महत्त्व का, ते बघा. मधोमध एकच पाइपलाइन असली की पाणी मध्यावर भरपूर पडतं आणि कडेकडे कमी होत जातं. गवतही तसंच येतं. मध्ये दाट, पुढे विरळ, त्यापुढे करपलेलं, आणि शेवटी वाळू. फेअरवे आणि रफ यांच्यात मोवरने काढलेली रेघ राहत नाही. भरकटलेला चेंडू कडक कडेवरून धावत थेट वाळूत जातो, आणि तिथे तो उघड्या वाळूवर बसेल की वायरग्रासच्या बुडख्याला टेकेल हे नशिबावर. दाट रफमध्ये प्रत्येकाला एकच उपाय असतो: वेज (चेंडू उंच उडवणारी काठी) काढायची आणि चेंडू बाहेर उपसायचा. इथे प्रत्येक वेळी नवा विचार करावा लागतो. रुंदी वाढूनही कोर्स सोपा झाला नाही, कारण चेंडू धावू लागला. २०१४ मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यू. एस. ओपन याच कोर्सवर झाली. मार्टिन कायमर आठ फटक्यांच्या आघाडीने जिंकला, तरी त्याच्याखेरीज फक्त दोघेच पारच्या खाली राहू शकले. करपलेल्या कडा टीव्हीवर पाहून बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. ज्यांना ते रंग खटकले त्यांना कोर्स कळला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाइनहर्स्टच्या ग्रीन्सचा प्रश्न मात्र एवढा सोपा नाही, आणि ‘मूळ स्वरूप’ या कल्पनेची खरी परीक्षा तिथेच होते. ही ग्रीन्स कासवाच्या पाठीसारखी फुगीर म्हणून जगभर ओळखली जातात. कडेला पडलेला चेंडू सरळ खाली, कधी तीस यार्डांवर जाऊन थांबतो. याचं सगळं श्रेय रॉसला दिलं जातं. पण १९३५ पर्यंत क्रमांक २ वर गवताची ग्रीन्स नव्हतीच; सपाट, वाळूची होती. (भारतातही लष्करी छावण्यांच्या कोर्सवर तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत, त्याच जातीची.) म्हणजे ‘मूळ साल’ हा निकष धरून १९०७ ला जायचं म्हटलं तर या कोर्सची सगळ्यात प्रसिद्ध गोष्टच उखडून टाकावी लागेल. रॉसने त्यांना गवत आणि घाट दिला तो १९३५ च्या सुमारास, आणि त्यानंतर पन्नास वर्षं त्यांच्यावर वाळू पडत राहिली.

वाळूचा हिशेब करून पाहा. एका टॉपड्रेसिंगला दीड मिलिमीटर वाळू, अशा वर्षाला सहा फेऱ्या, म्हणजे नऊ मिलिमीटर. काही दबते, काही वाहून जाते, तिसरा हिस्साच टिकला असं धरलं तरी पन्नास वर्षांत पंधरा सेंटिमीटर. ही वाळू ग्रीनवर पडते, कडेच्या उतारावर पडत नाही, त्यामुळे मध्य वर चढतो आणि कडा जागेवर राहतात. बंकरमधून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर उडणारी मूठभर वाळू जवळच्या कडेवर साचते, ती वेगळीच. नंतर १९८० आणि ९० च्या दशकांत ही ग्रीन्स आधुनिक पद्धतीने पुन्हा बांधली गेली, आणि तेव्हा जो घाट होता तोच कायम झाला. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढलेल्या मूर्तीसारखा हा प्रकार आहे. भक्त ज्या रूपाला हात जोडतात ते रूप शेंदराचं असतं, आतल्या दगडाचं नक्षीकाम कोणी पाहिलेलं नसतं.

कूर आणि क्रेनशॉ यांनी ग्रीन्सना जवळजवळ हात लावला नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो. १९३५ ची नेमकी पातळी दाखवणारी मोजमापं नसतील तर फुगवटा कापून खाली आणणं म्हणजे रॉसच्या नावाने स्वतःची ग्रीन्स बांधणं. पण हात लावायचा नसेल तर निदान फुगवट्याचं श्रेय रॉसच्या प्रतिभेला देऊ नये, आणि त्या फुगवट्यावर ग्रीनचा वेग किती ठेवायचा याचा विचार व्हावा. २०१४ नंतर या ग्रीन्सवरचं बेंट गवत काढून उन्हाळा सोसणारं बारीक बर्म्युडा लावलं गेलं, त्यामुळे आता ती जास्त कडक आणि वेगवान ठेवता येतात. जीर्णोद्धाराच्या चर्चेत हा विषय सहसा दुर्लक्षिला जातो.

वेग मोजायची पट्टी म्हणजे स्टिम्पमीटर; तिच्यावरून सोडलेला चेंडू ग्रीनवर जितके फूट जातो तितका वेग. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ ची ओकमाँटची यू. एस. ओपन पाहिल्यावर ती बनवली. यू. एस. जी. ए. या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात देशभरात मोजणी केली तेव्हा सरासरी साडेसहा फूट आली. आज चांगल्या क्लबात रोजचा वेग दहा-अकरा असतो, स्पर्धेत बारा-तेरा. १९२० च्या दशकातल्या ग्रीनवर चार-पाच टक्के उतार सर्रास असे, आणि साडेसहाच्या वेगाला अशा उतारावरही होल कापता येत असे. अकराच्या वर गेलं की तीन टक्क्यांपलीकडे होल कापणं कठीण होतं. सहाशे चौरस मीटरच्या ग्रीनवर झेंड्यासाठी शंभर-दीडशे चौरस मीटरच उरतात. मग रोज तेच तीन-चार कोपरे तुडवले जातात, आणि क्लब वास्तुकाराला सांगतो की ‘या ग्रीनचा उतार जरा कमी करा.’ तो कमी झाला की ‘जीर्णोद्धार’ हा शब्द तिथे वापरायचा हक्क संपतो. उतार ठेवून मोवर तीन मिलिमीटरऐवजी साडेतीनवर लावला असता तर एक रुपयाही लागला नसता.

आता पुराव्याकडे येतो, कारण ‘मूळ’ म्हणजे कुठलं यावर खरी भांडणं होतात. फिलाडेल्फियाजवळचा ॲरोनिमिंक रॉसचाच, १९२८ चा. या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार रॉन प्रिचर्ड यांनी रॉसच्या हाताच्या आराखड्यांवरून तिथले बंकर परत आणले, ते साधारण पंचाहत्तर झाले. पुढे गिल हान्स यांच्या चमूने १९२९ ची हवाई छायाचित्रं प्रमाण मानली. आराखड्यात जिथे एक मोठा बंकर होता तिथे छायाचित्रात दोन-तीन लहान बंकरांचा पुंजका दिसत होता. २०१८ पर्यंत बंकर पावणेदोनशेच्या घरात गेले. दोन्ही कामं प्रामाणिक आणि कागदपत्रांवर आधारलेली, तरी दोन्ही एकाच वेळी मूळ असू शकत नाहीत.

आराखडा आणि जमिनीवरचं बांधकाम यांत फरक असेल तर मी बांधकामाच्या बाजूने आहे. रॉसच्या नावावर चारशेच्या आसपास कोर्स आहेत, त्यातल्या कित्येकांवर तो एक-दोनदाच गेला. त्याचे सहकारी जागेवर राहून बदल करत असत, आणि ज्याने माती हलवली त्याला आराखड्यात न दिसणारा उतार दिसत असे. पण हवाई छायाचित्रही डोळे झाकून मानू नये. सावली सकाळची की संध्याकाळची यावर बंकरची खोली फसवी दिसते. उघडी माती आणि वाळू काळ्या-पांढऱ्या फोटोत सारखीच दिसते. कोर्स नवा असेल तर गवत न धरलेला पट्टाही बंकर वाटू शकतो. म्हणून फोटो आजच्या लायडार नकाशावर (लेसरने मोजलेल्या उंच-सखलपणाच्या नकाशावर) बसवायचा आणि जिथे शंका आहे तिथे हाताच्या गिरमिटाने मीटरभर खोल माती काढून पाहायची. बुजवलेल्या बंकरच्या तळाशी जुन्या वाळूचा थर लख्ख दिसतो. तो नसेल तर तिथे बहुधा बंकर नव्हता. एवढी साधी तपासणी न करता लाखो डॉलरचं काम सुरू होतं तेव्हा खरोखर वाईट वाटतं.

ग्रीनची मूळ कडही अशीच सापडते. रोज मोवर फिरवणारा माणूस कड चुकून खरवडू नये म्हणून एक-दोन सेंटिमीटर आत राहतो. तीन पात्यांचं मोठं यंत्र कोपऱ्यात वळत नाही, म्हणून चौकोनी ग्रीन अंडाकृती होतं. पन्नास-साठ वर्षांत चौथा हिस्सा जाणं अगदी सहज घडतं, आणि जातात ते नेमके बंकरमागचे कोपरे, जिथे झेंडा लावण्यात खरी मौज होती. भराव टाकून बांधलेल्या ग्रीनचा मूळ ओटा बहुतेकदा जसाच्या तसा असतो. त्याच्या काठापर्यंत ग्रीन परत न्यायचं असतं. इथे एक अडचण हमखास येते. टॉपड्रेसिंगची वाळू घासताना आणि टोचलेली माती ओढताना ती कडेला साचून एक बांध तयार झालेला असतो. तसंच पुढे ग्रीन वाढवलं तर या बांधामागे पावसाचं पाणी अडतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथलं गवत सडतं. म्हणून दीड-दोन मीटर रुंदीची पट्टी सोलायची, बांधाची माती काढायची, डिजिटल लेव्हलने पाणी बाहेर पडतंय याची खात्री करायची, आणि मग गवत परत अंथरायचं. ते गवतही शक्यतो त्याच कोर्सच्या जुन्या ग्रीनचं घ्यायचं, म्हणजे रंगात आणि चेंडूच्या वेगात ठिगळ दिसत नाही.

झाडांबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पिट्सबर्गजवळचा ओकमाँट हेन्री फाउन्सने १९०३ मध्ये उघड्या शेतजमिनीवर बांधला, १९६० च्या दशकात सुशोभीकरण म्हणून तिथे झाडं लावली गेली, आणि १९९० च्या दशकात सभासदांचा विरोध टाळण्यासाठी पहाटेच्या अंधारात ती तोडायला सुरुवात झाली. एकूण हजारो झाडं गेली आणि गवत सुधारलं, वारा खेळात परत आला. पण सगळीकडे ओकमाँटचा कित्ता गिरवणं चूक आहे. पाइन व्हॅली जंगलातच आखलेला कोर्स आहे. झाड तोडायची कारणं मोजता येण्यासारखी असावीत: ग्रीनवर सकाळचं ऊन किती तास येतं, मुळं ग्रीनखाली शिरली आहेत का, रुंद फेअरवेचा एक पर्याय त्या झाडामुळे बंद झाला आहे का. आणि चोरून तोडू नयेत, सभासदांना दाखवून तोडावीत.

बंकरचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण क्लब त्यानेच सुरुवात करतात. सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. खालचा खडीचा थर, त्यावर पॉलिमरचा लेप, तळाला दहा सेंटिमीटर वाळू आणि चढावर पाच, अशी बांधणी पावसात टिकते यात शंका नाही. माझा आक्षेप रूपाला आहे. गेल्या काही वर्षांत फाटक्या, झालरीसारख्या कडांचे बंकर म्हणजेच जुनं, असा समज पसरला आहे. तसे बंकर मॅकेन्झी आणि थॉमस यांच्या काही कोर्सवर होते. रॉसच्या बऱ्याच बंकरांना गवताचा चढ आणि सपाट वाळूचा तळ असे. रेनर पेशाने इंजिनिअर, त्याचे बंकर पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि खोल. सगळ्यांना एकच झालर लावली की सगळ्यांचेच कोर्स एकसारखे दिसतात.

फेअरवे रुंद केले तरी बंकरभोवती पाच मीटर रफ ठेवायची सवय जात नाही, हा त्याहून मोठा दोष. मग घरंगळणारा चेंडू त्या रफमध्ये अडकतो, बंकरपर्यंत पोचतच नाही. बंकरच्या तोंडापर्यंत गवत फेअरवेच्या उंचीवर कापलं तर बंकर त्याच्या आकाराच्या दुप्पट जागेतले चेंडू ओढून घेतो, आणि त्यासाठी फक्त मोवरचा मार्ग बदलायचा असतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे. पहिलं वर्ष कापणी आणि पाणी, दुसरं झाडं आणि ग्रीनच्या कडा, मग निचरा, आणि बंकर सगळ्यात शेवटी. बॉस्टन शहराच्या मालकीचा जॉर्ज राइट हा रॉसचा कोर्स १९३८ मध्ये सुरू झाला. सर्वसामान्यांच्या पैशातून चालणाऱ्या अशा कोर्सला तर हाच क्रम परवडतो.

लांबीचा आक्षेप नेहमी घेतला जातो. १९८० मध्ये अमेरिकी व्यावसायिक टूरवर ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या काठीने) मारलेल्या फटक्याची सरासरी २५७ यार्ड होती, आता ती तीनशेच्या जवळ आहे. तेव्हा बंकर पुढे सरकवायला नकोत का? काही ठिकाणी हवेत. पण जुना बंकर बहुधा एखाद्या नैसर्गिक उंचवट्याच्या अंगात खोदलेला असतो. तो पन्नास यार्ड पुढच्या सपाटीवर नेला की तिथे एक खड्डा होतो आणि उंचवटा पोरका राहतो. त्यापेक्षा मागे नवा टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) बांधावा, जागा असेल आणि आधीच्या ग्रीनवरून उलटं चालत यावं लागत नसेल तर. ही सोय मूठभर लांब मारणाऱ्यांसाठी आहे. क्लबच्या नव्वद टक्के सभासदांना जुना बंकर जुन्याच जागी नडतो. चेंडूचा पल्ला कमी करायचा निर्णय यू. एस. जी. ए. आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. लांबीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधावं, शंभर वर्षांच्या जमिनीत नको.

पाइनहर्स्टचा कित्ता भारतात, विशेषतः मुंबई-पुण्यात, किती गिरवता येईल? जसाच्या तसा अजिबात नाही. चेंबूरच्या १९२७ च्या बॉम्बे प्रेसिडेन्सीसारख्या कोर्सवर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पाइनहर्स्टच्या वाळूत पाणी मुरतं तसं ते इथल्या मातीत मुरत नाही. पावसाळ्यात कडक जमिनीची अपेक्षा करणं व्यर्थ. पण नोव्हेंबर ते मे हे सात महिने आपल्या हातात असतात. त्या काळात दर एप्रिलला टीव्हीवर दिसणाऱ्या ऑगस्टाच्या, म्हणजे मास्टर्स स्पर्धेच्या कोर्सच्या, हिरव्या रंगाची बरोबरी करण्यासाठी पाणी ओतणं, हे पाण्याच्या दृष्टीनेही चूक आणि खेळाच्या दृष्टीनेही. उन्हाळ्यात कडेचा फेअरवे पिवळा पडू देणं आपल्या हवामानाला सहज झेपणारं आहे, त्यासाठी रॉसचं नाव घ्यायचीही गरज नाही.

क्लबने जीर्णोद्धार केला असं जाहीर करायचं असेल तर चार गोष्टी सभासदांसमोर आणि शक्य असेल तर सर्वांसमोर ठेवाव्यात: कुठलं साल धरलं आणि का, कुठल्या होलसाठी कुठला पुरावा होता, पुरावा नसताना कुठे अंदाजाने काम केलं, आणि जाणूनबुजून काय मूळसारखं ठेवलं नाही. सोबत प्रत्येक ग्रीनचं क्षेत्रफळ आणि फेअरवेच्या कडा जी. पी. एस. वर मोजून नोंदवाव्यात. ही मोजणी दर पाच वर्षांनी पुन्हा व्हावी, कारण उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी मोवर पुन्हा दोन सेंटिमीटर आतून फिरायला लागतो.